बित्की, रोलादा, बेफ्श्तिक की तातार? पोलिश बीफ घरी करायचं तर आधी काय करावं

पोलिश बीफ म्हटल्यावर तव्यावर चरचरणारा जाडजूड स्टेक डोळ्यांपुढे आणलात तर अपेक्षाभंग होईल. पोलंडमध्ये बीफचं उत्पादन मोठं आहे, पण त्यातलं बहुतेक परदेशी जातं. घरोघरी रोज शिजतं ते डुकराचं नाहीतर कोंबडीचं मांस. गुरंही बहुतांश दुधासाठी पाळलेली, होल्स्टाइन-फ्रीजियन जातीची. त्यांच्या मांसात चरबीचं जाळं कमी, धागा जास्त. साहजिकच तिथल्या बायकांनी बीफसाठी तव्यापेक्षा जाड बुडाच्या पातेल्यावर भरवसा ठेवला. त्यात १९८१ ते १९८९ या काळात मांस रेशनकार्डावर मिळायचं. हाती आलेला तुकडा झटपट भाजून चुकवण्यापेक्षा कांदा-रश्शात निवांत शिजवणं शहाणपणाचं होतं.

घरी करण्याजोगे पर्याय मुख्यतः चार: बित्की (ठोकून रश्शात शिजवलेले काप), रोलादा, म्हणजे सारण भरून शिजवलेली गुंडाळी (आणि तिची जुनी बहीण झ्राझी), बेफ्श्तिक (तव्यावरचा स्टेक) आणि तातार (कच्चं चिरलेलं मांस). यांतला कोणता निवडायचा हे चवीवरून ठरवू नका, हाती कोणता कट आहे त्यावरून ठरवा. मांडीचं मांस असेल तर पहिले दोन, कमरेच्या आतलं कोवळं मांस असेल तर तिसरा, आणि चौथा पोलंडमध्ये असाल तरच.

कोणी मला एकच सांग म्हटलं तर मी बित्की सांगेन.

बित्की आणि रोलादा

दोन्हींना मांस तेच लागतं. पोलिश कसायाकडे त्याला झ्राझोवा म्हणतात, म्हणजे मागच्या मांडीचा मोठा, चरबी कमी असलेला भाग. आपल्याकडच्या खाटकाच्या भाषेत टॉपसाइड किंवा सिल्व्हरसाइड. काप धाग्याच्या आडवे हवेत. धाग्याच्या दिशेने कापलं तर दोन तास शिजवूनही दोऱ्या चघळल्यागत लागतं, आणि ही चूक नंतर कशानेच सुधारत नाही.

बित्कीसाठी काप दीड सेंटिमीटर जाड कापून ते अर्ध्या जाडीचे होईपर्यंत ठोकायचे. पोलिश घरात यासाठी दातेरी हातोडी असते. आपल्या घरातला बत्ता चालतो, फक्त मांसावर प्लॅस्टिकचा कागद ठेवा आणि हात हलका ठेवा. मीठ-मिरपूड लावून कणकेऐवजी मैद्यात घोळवायचे, कडकडीत गरम चरबीत दोन्हीकडून तांबूस करायचे. चार माणसांना पाऊण किलो मांस पुरतं. मग तीन मोठे कांदे, दोन तमालपत्रं, चार-पाच ऑलस्पाईसचे दाणे, मांस जेमतेम बुडेल एवढं पाणी किंवा सूप. झाकण ठेवून दीड ते दोन तास. मूठभर वाळवलेले बोरोविक (पोर्सिनी) मशरूम आधी भिजवून, त्यांच्या पाण्यासकट घातले तर रस्सा वेगळ्याच उंचीवर जातो. मशरूमचं पाणी मात्र गाळून घ्या, तळाशी वाळू असते.

यात अवघड असं काही नाही. मसाले मोजके, फोडणी नाही, आलं-लसूण नाही. मराठी हाताला नेमकं हेच जड जातं. अर्ध्या तासाने झाकण उघडून वास घेतला की चमचाभर गरम मसाला टाकायचा मोह होतो. टाकू नका. दीड तासाने कांदा विरघळतो, तांबूस झालेला मैदा रश्शाला अंग देतो, आणि तेव्हा कळतं की या पदार्थाची चव मसाल्यात नाही, तळाला लागलेल्या खरपूस थरात आहे. म्हणून मांस परततानाच घाई करायची नाही. एका वेळी तीन-चारच काप टाकायचे. गर्दी केली की पाणी सुटतं आणि मांस परतायच्या ऐवजी उकडतं.

रोलादाचं तंत्र यापुढचं. काप मोठे आणि पातळ, ठोकून चार-पाच मिलिमीटरचे. आतून झणझणीत मोहरीचा लेप, त्यावर धुरावलेल्या बेकनची पट्टी, खारवलेल्या काकडीची फोड, कांदा. कडा आत दुमडून घट्ट गुंडाळायचं, दोऱ्याने बांधायचं, परतायचं आणि मग बित्कीसारखंच मंद शिजवायचं. आठ रोलादा बांधायला पहिल्यांदा पाऊण तास सहज जातो. शिवाय शिजल्यावर दोरे काढताना एखादी उलगडतेच.

मग एवढा खटाटोप का करावा? कापल्यावर दिसणाऱ्या गोल नक्षीसाठी नव्हे, रश्शासाठी. काकडीचा आंबटपणा, बेकनचा धूर आणि मोहरीचा तिखटपणा दोन तासांत आतून झिरपत बाहेर येतो, आणि त्या रश्शाला बित्कीचा रस्सा गाठू शकत नाही. सिलेसियात, म्हणजे दक्षिण पोलंडमधल्या कातोवित्से-ओपोले भागात, रविवारचं जेवण म्हणजे आधी शेवया घातलेलं चिकन सूप आणि मग रोलादा, बटाट्याचे क्लुस्की, म्हणजे पाण्यात उकडलेले छोटे गोळे, आणि लाल कोबी. हा बेत तिथे सणासारखा पाळला जातो. व्रोत्सवाफमध्ये राहणाऱ्यांनी मात्र शेजारणीला ‘अस्सल सिलेसियन’ कृती विचारताना जपून. ते लोअर सिलेसिया. १९४५ नंतर तिथली जुनी जर्मन वस्ती गेली आणि पूर्वेकडून, ल्वूफ (आताचं युक्रेनमधलं ल्विव) वगैरे भागातून आलेली कुटुंबं वसली. त्यांच्या घरच्या कृती वेगळ्या निघण्याची शक्यता दाट.

झ्राझी हे साधारण याच घराण्यातलं, पण आकाराने लहान. सारणात राईच्या काळ्या पावाचा चुरा, कांदा, मशरूम असं काहीही येतं, आणि सोबत बटाट्याऐवजी काशा ग्रिचाना, म्हणजे भाजलेला अख्खा कुट्टू. काशा करणं भातापेक्षा सोपं: एक वाटी काशाला दोन वाट्या पाणी, पंधरा मिनिटं मंद आच, मग पातेलं जाड कापडात गुंडाळून ठेवायचं. जुन्या घरांत ते चक्क रजईखाली ठेवत. सारण भरणं आवडतं पण क्लुस्की वळायचा कंटाळा आहे, अशांनी रोलादाऐवजी झ्राझी करावी.

प्रेशर कुकरचं काय, हा प्रश्न येणारच. बित्कीला चालतो. वीस-पंचवीस मिनिटांत मांस मऊ होतं, मग झाकण काढून रस्सा आटवायचा. रोलादाला नको. आतल्या जोराने गुंडाळ्या सुटतात आणि काकडीचा लगदा होतो. पातेल्यातही रस्सा खदखदू देऊ नये, अधूनमधून एखादा बुडबुडा यावा इतपतच आच. मांडीच्या मांसात चरबी कमी असल्याने जोराच्या उकळीने ते आक्रसून कोरडं पडतं, भोवती कितीही रस्सा असला तरी.

दोन्ही पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात. पाहुणे रविवारी येणार असतील तर शनिवारी रात्रीच करून ठेवा.

काकडी कुठली घ्यायची

यावर रोलादाचं निम्मं यश आहे, म्हणून थोडं थांबतो. पोलिश दुकानात दोन प्रकारच्या काकड्यांच्या बरण्या शेजारीशेजारी असतात. किशोनी म्हणजे मिठाच्या पाण्यात शेपू, लसूण आणि हॉर्सरॅडिशबरोबर नैसर्गिकपणे आंबवलेली, तिच्यात व्हिनेगर नसतं. कोन्सेर्वोवी म्हणजे व्हिनेगर आणि साखरेतली. रोलादाला किशोनीच हवी. गोडसर काकडीने रस्सा केचपच्या वळणावर जातो. भारतात बरणीत मिळणारे घेरकिन बहुधा व्हिनेगरमधले असतात. लहान कोवळ्या काकड्या मिळाल्या तर लिटरभर पाण्याला चाळीस-पन्नास ग्रॅम मीठ घालून घरीच आंबवणं बरं. आपल्या हवेत तीन-चार दिवसांत काम होतं.

बेफ्श्तिक

दिसायला सर्वांत सोपा, खिशाला सर्वांत जड, आणि बिघडायला सर्वांत पटकन. पारंपरिक पोलिश बेफ्श्तिक कमरेच्या आतल्या मांसाचा, पोलेंद्वित्साचा. मुंबई-गोव्याचे खाटीक ज्याला अंडरकट म्हणतात तेच हे. भाव मांडीच्या मांसाच्या दुपटीहून जास्त. अडीच-तीन सेंटिमीटर जाड तुकडा हातोडीने न ठोकता तळहाताने जरासा दाबायचा, मीठ तळायच्या अगदी आधी, आणि तळायचं ते तुपात. पोलिश दुकानांत कढवलेलं लोणी डब्यात मिळतं, पण आपल्या घरचं साजूक तूप त्याच कामाचं. वर परतलेला कांदा किंवा अर्धवट तळलेलं अंडं.

वेळेचं गणित: मोठ्या आचेवर प्रत्येक बाजूला साधारण तीन मिनिटं, मग पाच मिनिटं ताटलीत नुसतं ठेवायचं. आत गुलाबी राहतं. आतून गुलाबी मांस तुमच्या घरात कोणी खाणार नसेल, तर बेफ्श्तिक करूच नका. पूर्ण शिजवलेला अंडरकट म्हणजे दुप्पट पैसे देऊन बित्कीपेक्षा कोरडं खाणं. जुन्या पोलिश घरांतही तो बऱ्याचदा जास्तच शिजवला जातो, हेही खरं.

चरबीचं जाळं असलेला अंत्रिकोत, म्हणजे बरगडीचा स्टेक, आता पोलिश सुपरमार्केटांत मुरवलेला मिळतो. चवीला तो पोलेंद्वित्सापेक्षा सरस, असं माझं मत. पण मग तो स्टेक जगभर होतो तसाच होतो, त्यात पोलिश असं फक्त शेजारच्या काकडीपुरतं उरतं. ‘पारंपरिक’ हा शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचा असेल तर या पर्यायात फार रमू नका.

तातार

कच्च्या मांसाचा पदार्थ. पोलेंद्वित्सा किंवा लिगावा (मागच्या मांडीतला लांबट गोल स्नायू) सुरीने बारीक चिरून त्यावर कच्चा पिवळा बलक, भोवती चिरलेला कांदा, किशोनी काकडी, लोणच्यातले मशरूम. सोबत काळा पाव आणि बहुधा व्होडका. पोलंडमध्ये समारंभात आणि उपाहारगृहांत सर्रास मिळतो, आणि चवीला फारच सौम्य असतो. घरी करायचाच तर अख्खा तुकडा ओळखीच्या कसायाकडून त्याच दिवशी आणावा, आधीच दळलेलं मांस घेऊ नये, अंडं फोडण्यापूर्वी उकळत्या पाण्याखाली धरावं. मांस गोठवून ठेवलं की धोका संपला असं काही जण समजतात. गोठवल्याने फितकृमीच्या अळ्या मरतात, पण साल्मोनेला किंवा ई. कोलायसारखे जिवाणू तगून राहतात. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या पानात हा पदार्थ जाऊ नये. भारतातल्या उघड्या बाजारातल्या मांसाचा तर नकोच. चव घ्यायची असेल तर क्राकूफ-वॉर्सातल्या चांगल्या उपाहारगृहात घ्या. स्वतः करून त्यात विशेष काही साधत नाही.

तुम्ही कुठे आहात

महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्यापासून आहे आणि २०१५च्या दुरुस्तीनंतर बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीच्या मांसाला परवानगी आहे. मुंबईत ‘बडे का’ म्हणून मिळतं ते हेच. बित्कीला ते उत्तम. रंग गडद, चरबी आणखी कमी, जनावर बहुधा वयस्क, म्हणून वेळ अर्धा-पाऊण तास जास्त धरा आणि परतायला चरबी सढळ हाताने घ्या. रोलादाही होते, फक्त बेकन जरा जाड घाला. बेफ्श्तिकसाठी म्हशीचा अंडरकट चालतो, पण तो नीट शिजवूनच खावा, आणि मग मघाशी सांगितलेला कोरडेपणाचा मुद्दा उरतोच.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत बीफ रूलाड होतो. तो बांधायची सवय असलेल्यांनी बित्कीची पायरी गाळून थेट रोलादाला हात घालावा. दोरा, ठोकणं, मंद आच सगळं ओळखीचं. बदलायचं ते सारण, आणि मिरची-व्हिनेगरला आवर घालायचा.

रोलादा ठरलीच तर क्लुस्कीही करा, नाहीतर तो रस्सा टिपणार कशाने? त्यांचं माप वजनावर नाही. उकडलेले बटाटे गरम असतानाच कुस्करून भांड्यात सपाट दाबायचे, सुरीने चार भाग करायचे, एक भाग काढून बाजूला ठेवायचा आणि त्या रिकाम्या जागेत काठोकाठ बटाट्याचं स्टार्च भरायचं. मग काढलेला भाग परत घालून सगळं मळायचं. कणकेचे गोळे वळून अंगठ्याने खळगा पाडायचा आणि उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडायचे. वर तरंगल्यावर दोन मिनिटांत तयार. बटाट्याचं स्टार्च मिळालं नाही तर कॉर्नफ्लोअर चालतं, जरा कडक होतात एवढंच.

पोलंडमध्ये असाल तर काप घरी कापायच्या भानगडीत पडू नका. मांसाच्या काउंटरवर ‘झ्राझोवा, ना रोलादी’ किंवा ‘झ्राझोवा, ना बित्की’ एवढं म्हटलं की पलीकडची बाई कशासाठी म्हणून विचारत नाही, बरोबर जाडीचे काप कागदात बांधून देते.