जुना पेंटियम व्हर्च्युअल मशीनमध्ये : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या छापखान्यातला पेंटियम ४ संगणक २००४ सालचा. विंडोज एक्सपी, पानमांडणीचे पेजमेकर ७.० आणि युनिकोड येण्यापूर्वीच्या घडणीचे मराठी टंक एवढाच त्याचा संसार. पण वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका आणि पावतीपुस्तके त्याच टंकांत अडकलेली होती. त्यांतला मजकूर नव्या संगणकावर नेला, की 'चि. सौ. कां.'च्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांची खिचडी दिसते. मदरबोर्डची बॅटरी गेल्यापासून हा संगणक रोज सकाळी चुकीची तारीख दाखवत असे, त्याचे आम्हाला काही वाटेनासे झाले होते. हार्ड डिस्कमधून टकटक ऐकू येऊ लागली, तेव्हा मात्र अख्खा संगणकच व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे एका संगणकाच्या आत दुसरा संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, हलवायचे ठरवले.

८० जीबीची आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने लिनक्स मिंट ही प्रणाली असलेल्या संगणकाला जोडली आणि डीडीरेस्क्यू या डिस्क वाचवणाऱ्या प्रोग्रामने तिची प्रत घेतली. प्रत घेणारी साधी 'डीडी' आज्ञा खराब सेक्टरशी, म्हणजे डिस्कच्या वाचता न येणाऱ्या कप्प्याशी आली, की तिथेच थांबते. डीडीरेस्क्यू आधी धडधाकट भाग उचलते, अडलेल्या जागांची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवते आणि मग त्यांच्याकडे वळते. काम रात्रभर चालले. त्या कच्च्या प्रतीची व्हीडीआय फाइल (व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क-फाइल) केल्यावर ती ४६ जीबीची झाली, कारण डिस्कचा न वापरलेला, शून्यांनी भरलेला भाग रूपांतरात गळून जातो.

खरी अडचण पुढे आली. व्हर्च्युअल मशीन सुरू करताच 'सेव्हन-बी' संकेताचा निळा पडदा आला, म्हणजे विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नव्हती. एक्सपीकडे साटा या नव्या डिस्क-जोडणीचा ड्रायव्हर नसतो म्हणून डिस्क आयडीई कंट्रोलरवर घेतली, तरी पडदा तोच. कारण आतल्या विंडोजने जुन्या मदरबोर्डच्या चिपसेटचाच ड्रायव्हर धरून ठेवला होता. प्रत घेण्यापूर्वी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तिथे 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई कंट्रोलर' निवडायला हवा होता. तो निवडण्यासाठी डिस्क परत जुन्या कॅबिनेटमध्ये बसवली आणि सगळी प्रत नव्याने घेतली. टकटक करणाऱ्या डिस्कवर हा दुसरा प्रयोग मी जीव मुठीत धरून केला. ज्यांचा जुना संगणक अजून सुरू होतो आहे, त्यांनी हे काम सर्वांत आधी उरकावे. त्यानंतर काळा पडदा आला, तो सेटिंगमधले 'आय-ओ एपिक' चालू केल्यावर गेला. यंत्रसामग्री बदलल्याचे ओळखून एक्सपीने तीन दिवसांत पुन्हा ॲक्टिव्हेशन करण्यास बजावले. आमची एक्सपीची प्रत खोक्यातली, स्वतंत्र विकत घेतलेली असल्यामुळे ते नियमात बसत होते. संगणकासोबत आलेली ओईएम प्रत मूळ यंत्राशीच बांधलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

रोजच्या वापराबद्दल मी समाधानी आहे. १ जीबी रॅम दिली असूनही एक्सपी अर्ध्या मिनिटात उभा राहतो. एक्सपीचा सुरक्षा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला असल्यामुळे त्याला नेटवर्क दिलेलेच नाही. फाइलींची देवघेव गेस्ट ॲडिशन्स या व्हर्च्युअलबॉक्सच्या जोड-सॉफ्टवेअरमधल्या शेअर्ड फोल्डरमधून होते, आणि त्यासाठी नेटवर्क लागत नाही. छपाईसाठी मी पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईयंत्राच्या भाषेतली) फाइल त्या फोल्डरमध्ये काढतो आणि बाहेर लिनक्सवर घोस्टस्क्रिप्टने तिची पीडीएफ करतो. टंक आतच जडवले जात असल्यामुळे जोडाक्षरे, रफार, वेलांट्या जशाच्या तशा राहतात. गेल्या महिन्यात एक गृहस्थ मुलीची पत्रिका करायला आले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या लग्नाची २००५ सालची पत्रिका मी समोरच उघडून दाखवली. त्यांना वरची गणपतीची महिरप तीच हवी होती, आणि ती मिळाली.

एकदा मात्र माझ्याच हाताने नुकसान झाले. एक बिघडलेला टंक बसवल्यावर पेजमेकर उघडेना, म्हणून मी बिनधास्त आठवड्यापूर्वीच्या स्नॅपशॉटवर, म्हणजे मशीनच्या जतन केलेल्या जुन्या स्थितीवर, परतलो. टंक गेला, पण सोळा पानी स्मरणिकेवरच्या तीन दिवसांच्या दुरुस्त्याही गेल्या, कारण ती फाइल आतल्या सी ड्राइव्हवर होती. तेव्हापासून चालू काम शेअर्ड फोल्डरमध्येच राहते आणि व्हीडीआयची प्रत दर शनिवारी, मशीन पूर्ण बंद करून, बाहेरच्या डिस्कवर घेतली जाते. जुना स्कॅनर या व्यवस्थेत चालला नाही. त्याचा नाद मी सोडला.

टंकांच्या सॉफ्टवेअरचे यूएसबी लॉक (जे जोडल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही) व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये यूएसबी फिल्टर लावून आत पोचते. सुरुवातीला मी उत्साहाने यूएसबी ३.० कंट्रोलर निवडला होता, पण एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हरच नाही, १.१ वर लॉक लगेच ओळखले गेले. बाहेरचा संगणक झोपेतून उठला, की कधी कधी ते काढून पुन्हा लावावे लागते. अख्ख्या संगणकाच्या आज माझ्याकडे तीन प्रती आहेत, लॉक मात्र एकच, आणि त्याची प्रत निघत नाही. जादा लॉकसाठी विक्रेत्याकडे चौकशी केली, तर नवी आवृत्ती पूर्ण किमतीत घ्या असे उत्तर आले, आणि त्या आवृत्तीत आमचे जुने टंक नाहीत. तूर्त लॉक एका छोट्या यूएसबी हबला चिकटपट्टीने बांधून टेबलाच्या मागच्या बाजूला ठेवले आहे, म्हणजे झाडताना कुणाचा हात लागू नये.