‘टक इन’ म्हणजे नुसतं भरपेट खाणं नव्हे

लातूरच्या ट्युशन एरियात झेरॉक्सच्या दुकानांवर फ्रेजल व्हर्बच्या (क्रियापदाला ‘इन’, ‘अवे’सारखं शेपूट लागून नवा अर्थ देणाऱ्या इंग्रजी जोड्यांच्या) स्पायरल पुस्तिका मिळतात, त्यांतली ही एक. छपाई स्वच्छ, अक्षर मोठं, उच्चार देवनागरीत. पाठांतराला बरी आहे. पण खाण्यापिण्याच्या पानावर ‘टक इन’पाशी घसरते.

अर्थ दिलाय ‘भरपेट खाणे’. भरपेट जेवून झाल्यावर ‘टक इन’ म्हणायची वेळ गेलेली असते. ताटं वाढून झालीत, पाहुणे एकमेकांकडे बघत थांबलेत, अशा वेळी यजमान म्हणतो ‘टक इन!’ आपल्या पंगतीत ‘होऊ द्या सावकाश’ म्हणतात, तीच ही जागा. सूर मात्र उलटा, ‘हाणा आता’ असा. म्हणून घरात, मित्रांत चालतं; मुलाखतीला गेल्यावर साहेबांपुढे नको. बोली ब्रिटिश आहे. अमेरिकन माणूस इथे बहुधा ‘डिग इन’ म्हणेल. पुस्तिकेत यातलं काहीच नाही.

खरी चूक उदाहरणात आहे: ‘ही टक्ड इन द भाकरी’. म्हणजे पठ्ठ्यानं भाकरी कुठंतरी खोचली! पदार्थाचं नाव पुढे आलं की ‘इनटू’ लागतं: ‘ही टक्ड इनटू द भाकरी’. नाव नसेल तर नुसतं ‘टक इन’. रिकाम्या जागा भरताना मार्क जातात ते इथेच. शर्ट खोचताना शब्द फोडता येतो, ‘टक युवर शर्ट इन’. जेवताना तो फुटत नाही. ‘टक हर इन’ म्हणजे तर लेकराला निजवून पांघरूण नीट खोचणं. (शाळेत सर ‘इन कर’ म्हणून ओरडतात ते याच क्रियापदाचं शेपूट. डोकं शिंप्याकडे राहिलं, ब्लाउजच्या टक्समध्ये.)

उगमाबद्दल पुस्तिका सांगते की साहेबलोक गळ्यात रुमाल खोचून जेवायचे, म्हणून ‘टक इन’. गोष्ट गोड आहे, पण शब्दाचा प्रवास तिच्याशिवायही नीट लागतो. जुन्या इंग्रजीत ‘टूकियन’ म्हणजे छळणं. पुढे अर्थ सरकला ओढण्याकडे, मग कापड आवळून गोळा करण्याकडे. कापड तुडवून घट्ट करणारा तो ‘टकर’, त्याचं आडनावही झालं. त्यानंतर अडचणीच्या जागी काही कोंबणं, आणि 18व्या शतकाच्या उत्तरार्धात पोटात कोंबणं. ब्रिटिश शाळांमधलं खाऊचं ‘टक शॉप’ यातूनच आलं. ऑस्ट्रेलियात तर जेवणालाच ‘टकर’ म्हणतात.

‘टक अवे’ची नोंदही अर्धीच आहे: फक्त ‘लपवून ठेवणे’. भरपूर खाणं हा त्याचा दुसरा अर्थ, आणि तिथे ‘इनटू’ लागत नाही, पदार्थ थेट येतो: ‘ही टक्ड अवे फोर भाकरीज’.

उच्चारांसाठी घ्यायची असेल तर घ्या. त्या उदाहरणात ‘इन’पुढे ‘टू’ तेवढं पेनानं लिहून ठेवा.