नट हलवू नका, गोळ्या पडतील

घरी सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं मशीन, बांधायचं डोक्यात असेल आणि बॉल स्क्रू (मशीनचा भाग सरकवणारा आटेदार दांडा, याच्या नटात पोलादी गोळ्या असतात), एलएम रेल (ज्यावर तो भाग सरकतो ती पट्टी) ओळखीपाळखीच्या गोदामातून स्वस्तात उचलणार असाल, तर आधी हे वाचा. माझे ३१ हजार गेले. त्याहून जास्त लागलं ते हे की तीन आठवडे मी स्वतःच्याच वेल्डिंगला शिव्या घालत बसलो होतो.

आमचं नाशकात देव्हारे आणि जाळीच्या दारांचं काम आहे. जाळी बाहेरून कापून आणायचा कंटाळा आला म्हणून ९०० बाय ६००चं टेबल स्वतः बांधायला घेतलं. ८० बाय ४०चा एमएस बॉक्स पाइप, २० नंबरच्या रेल, १६०५चे (१६ मिलिमीटर जाडी, ५ पिच) तीन स्क्रू. चांगल्या दुकानात रेल-स्क्रूचे ४२ हजार सांगत होते. एका मित्राच्या मित्राने पुण्याच्या बाजूच्या एका गोदामवाल्याचा नंबर दिला. "मशीन तोडून आलेला माल नाही दादा, पेटीपॅक आहे." प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. ग्रीस लावलेलं, वर मेणकागद, सगळं चकाचक. प्रत्येक स्क्रूचा नट एका टोकाला सरकवून टेपने घट्ट बांधलेला. मी टेपला हात घातला, तर त्याने माझा हातच धरला. "नट हलवू नका, गोळ्या पडतील."

गोळ्या पडतात हे मी वाचलेलं होतं. त्यामुळे उलट वाटलं, माणूस जाणकार दिसतोय.

मशीन उभं राहिलं. मोटर फेरीला २०० स्टेपची, ड्रायव्हर आठवर (एका स्टेपचे आठ भाग), स्क्रूचा पिच ५ (फेरीला ५ मिलिमीटर सरक). म्हणजे मिलिमीटरला ३२० स्टेप, हिशेब सरळ. एमडीएफवर ५० मिलिमीटरचा गोल कापला. टेबलाच्या कडेला गोल नीट आला. मध्यावर कापला तर आडवा ५०, उभा ४९.६. शिवाय वाय अक्ष (पुढे-मागे सरकणारा) दोन्ही टोकांना जड आणि मध्ये हलका जायचा. स्क्रू आणि रेल समांतर नसले की असंच होतं, हे कुणीही सांगेल. मीही तेच धरलं. बेअरिंग ब्लॉक सैल करून पुन्हा बसवले, शिम (पातळ पत्रे) घातले, कर्ण मोजले, एक वेल्ड ग्राइंडरने उडवून परत मारला. गोल काही सुधरेना. मॅक ३मध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बॅकलॅशचा (दिशा बदलताना नट-स्क्रूत जाणाऱ्या ढिलाईचा) आकडा भरून पाहिला, पण तो पूर्ण अक्षाला एकच देता येतो. मध्य सुधारला की कडा बिघडायच्या.

शेवटी शेजारचे काका आले. सातपूरच्या टूलरूममध्ये ३० वर्षं काढलेली. त्यांनी मॅग्नेटिक स्टँडवर डायल (सूक्ष्म सरक मोजणारा काटा) लावला, गँट्री (टेबलावरून सरकणारी आडवी कमान) १ मिलिमीटर पुढे आणि १ मिलिमीटर मागे घ्यायला लावली. कडेला काटा मिलिमीटरच्या ५ शतांशाने चुकला, मध्यावर ४० शतांशाने. काका हसले. "फ्रेमला कशाला मारतोयस? स्क्रू म्हातारा आहे."

जुन्या मशीनवर तो स्क्रू वर्षानुवर्षं मधल्या वीतभर भागातच फिरलेला होता. तिथे आटे झिजलेले. नटात किंचित मोठ्या गोळ्या भरून तो कोऱ्या टोकाला घट्ट केलेला, म्हणून टोकाला जड आणि मध्ये लोण्यासारखा. काकांनी रेलकडेही बोट दाखवलं. एका टोकाला शेवटचं भोक २० मिलिमीटरवर, दुसऱ्या टोकाला ३७वर, आणि तिथेच ग्राइंडरने कापल्याची निळी जळकी कड. मापात कापून घेतलेली नवी रेलही अशी कमीजास्त असू शकते. पण कडेला कोरलेला नंबर पॉलिशपेपरने घासून घालवायचं कारण नव्या मालाला नसतं.

आणि गोळ्यांचं म्हणाल तर नट आट्यांवर आहे तोवर एकही पडत नाही. टोकावरून खाली उतरवला तरच घरंगळतात. तेव्हा दुकानातच टेप काढा, नट टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि तीन ठिकाणी थांबून स्क्रूच्या दिशेने मागेपुढे ओढून बघा. विकणारा नको म्हणाला तर निघा.

बिलही मी तेव्हा नीट पाहिलं नव्हतं. जीएसटी क्रमांक ०७ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा २७ने होतो. ०७ म्हणजे दिल्ली. पोर्टलवर टाकला तर नोंदणी केव्हाच रद्द झालेली. पैसे यूपीआयने भलत्याच नावाच्या खात्यात गेलेले. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला, तक्रार नोंदवली. पण बिलावरच्या पत्त्यावर त्या नावाचं कुणी नाही आणि गोदामाला कुलूप. पोलीस चौकीत म्हणाले, "माल तर मिळालाय ना?" मिळाला होता खरा.

वायचा स्क्रू नवा घेतला, दुकानातून, पक्क्या बिलावर. जुन्याचं चांगलं टोक काकांच्या ओळखीने लेथवर करून झेडला (वर-खाली जाणाऱ्या अक्षाला) लावलंय, तिथे ते चालतं. गोदामवाल्याने मला ब्लॉक केलंय. परवा मित्राच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसलं, 'नवा लॉट, पेटीपॅक'. सहा फोटो होते. सहाही फोटोंत नट टोकालाच, टेप लावलेला.