सीडी रायटर आठ महिने वापरला: २४ एक्स पुरतो, की ४८ घ्यायला हवा होता?

आईच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज २००३ ते २००९ या काळात सीडीवर उतरवली होती. तेव्हा बाबा दर एकादशीला टेप लावायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून सीडी राइट करायचे. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना त्यातल्या ३४ सीडी हाती लागल्या. यंदा मंडळाला २५ वर्षं झाली, म्हणून आषाढीच्या आत प्रत्येक बाईच्या घरी एक सीडी द्यायची असं आईने ठरवलं. पेनड्राइव्ह का नाही, असं मीही विचारलं. पण यातल्या बऱ्याच काकूंकडे अजून सीडी वाजवायचे जुने डेक आहेत आणि त्या रोज सकाळी तेच लावतात.

माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. नवी पेठेत दोन-तीन दुकानं फिरून यूएसबीचा स्लिम डीव्हीडी रायटर घेतला. सीडी राइट करायचा त्याचा वेग जास्तीत जास्त २४ एक्स. दुकानदार म्हणाला, "ताई, खूप कॉप्या काढायच्या असतील तर पीसीत बसणारा ४८चा घ्या, अर्ध्या वेळात काम होईल." जुळे सोलापूरला भावाकडे डेस्कटॉप आहे आणि त्यात नेमका तसाच रायटर आहे. त्यामुळे नोव्हेंबरपासून दोन्ही आलटून पालटून वापरले. वाया गेलेल्या धरून शंभरावर सीडी झाल्या.

आधी वेगाचं बोलते. १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी. त्या वेगाने ७०० एमबीची, म्हणजे ८० मिनिटांची सीडी भरायला ८० मिनिटं लागतात, ८ एक्सला दहा, १६ एक्सला पाच. त्या हिशेबाने ४८ एक्सला पावणेदोन मिनिटांच्या आत काम व्हायला हवं. मी मोबाइलवर वेळ लावून बघितलं: ४८ला तीन मिनिटांना थोडं कमी, २४ला पावणेपाच, १६ला पावणेसहा. म्हणजे दुप्पट वेगाच्या रायटरने एका सीडीमागे दोन मिनिटंसुद्धा वाचली नाहीत. कारण ४८ हा आकडा फक्त सीडीच्या बाहेरच्या कडेचा असतो. लिहायला सुरुवात होते आतून, मधल्या भोकाजवळून, आणि तिथे तोच ड्राइव्ह विशीच्या आसपास चालतो. शिवाय शेवटी सीडी क्लोज करायला, म्हणजे लिहिणं संपल्याची नोंद करून ती बंद करायला, लागणारा वेळ कुठल्याच वेगात फारसा कमी होत नाही. आणि क्लोज केल्याशिवाय डेक सीडी ओळखतच नाही.

खरा वेळ जातो तो जुनी सीडी वाचण्यात. इथे रायटरचा एक्स काही कामाचा नाही. स्वच्छ सीडी दहा-बारा मिनिटांत वाचून व्हायची, पण चरे पडलेल्या एका सीडीने अख्खी दुपार घेतली. गाण्यांच्या सीडीत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. डेटा सीडीच्या एका सेक्टरमधले (सीडीवरच्या माहितीच्या एका छोट्या तुकड्यातले) २०४८ बाइट आपले असतात आणि उरलेल्या जागेत चुका पकडून सुधारायची जादा सोय असते. ऑडिओ सीडीत सगळे २३५२ बाइट आवाजाचेच. वाचताना चूक सुधारता आली नाही, तर ड्राइव्ह आजूबाजूचा आवाज बघून अंदाजाने जागा भरतो आणि कॉपी झाल्याचा निरोप येतो. सुरुवातीला मी त्या निरोपावर विश्वास ठेवला. नंतर हेडफोन लावून ऐकलं, तर मृदंगाच्या थापेवर टिक-टिक येत होतं. मग 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा मोफत प्रोग्रॅम घेतला. त्यात 'टेस्ट अँड कॉपी' केलं की तो प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचून दोन्ही वेळचा सीआरसी, म्हणजे वाचलेल्या आवाजावरून काढलेला पडताळणीचा आकडा, दाखवतो. दोन्ही जुळले की मनाला शांती मिळते.

आमच्या रेकॉर्डिंगमध्ये अभंग संपता संपताच गजर सुरू होतो. 'ट्रॅक ॲट वन्स'ने, म्हणजे एकेक ट्रॅक सुटा राइट केला की मध्ये दोन सेकंदांची शांतता येते आणि ऐन रंगात आलेला गजर तुटतो. त्यामुळे 'डिस्क ॲट वन्स'च, म्हणजे अख्खी सीडी एका दमात राइट करायचा पर्याय, निवडायचं.

पहिल्या वीस सीडी मी भावाकडे ४८ने काढल्या. आठवडाभरात पेटीवाल्या काकूंचा फोन, "अगं, तिसऱ्या भजनापासून उड्या मारतंय बघ." तीच सीडी लॅपटॉपवर नीट वाजत होती. त्याच डब्यातली ब्लँक सीडी १६ने राइट करून दिली, ती त्यांच्या डेकवर सुरळीत चालली. पहिल्या वीसांपैकी सात परत आल्या. १६ने दिलेली एकही आली नाही. याहून हळू करून बघायची इच्छा होती, पण माझ्या ड्राइव्हला १०च्या खाली पर्यायच नाही.

स्लिम रायटरची तक्रारही सांगते. भावाच्या पीसीच्या पुढच्या यूएसबीला जोडला की राइट करताना मध्येच बंद पडायचा. चार सीडी गेल्यावर कळलं की त्याला वीज कमी पडतेय. मागच्या पोर्टला थेट जोडला आणि त्रास संपला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. दुपारी सलग पाच-सहा सीडी काढल्या की ड्राइव्हला हात लावता यायचा नाही आणि त्यानंतरच्या सीडीत चुका यायच्या. मग पहाटे बसायला लागले, आणि दर चार सीडींनंतर दहा मिनिटांची विश्रांती.

जुन्या सीडी खराब झाल्या त्या बहुतेक वरच्या बाजूने. खालच्या प्लॅस्टिकवर चरा असेल, तर सीडी पाण्याने धुऊन, मधून कडेकडे सरळ पुसली (गोल नाही) की पुष्कळदा वाचली जाते. पण चकाकी असते ती वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली. बाबांनी हौसेने कागदी स्टिकर लावून नावं लिहिली होती. एक स्टिकर सुटत आलं होतं, ते काढायला गेले तर त्याच्याबरोबर चंदेरी पापुद्राच निघून आला आणि तिथून पलीकडचं आरपार दिसायला लागलं. ती सीडी २००५च्या कार्तिकी एकादशीची, आजीचा आवाज असलेली एकमेव.

शेवटी साठ सीडी वेळेत वाटून झाल्या. ४८चा रायटर मी घेणार नाही, २४चा मला पुरला, आणि त्यातही तो बहुतेक वेळ १६वरच चालला. चौतीसपैकी एकतीस सीडी पूर्ण उतरल्या. राहिलेल्या दोन वेगळ्या ड्राइव्हवर वाचून बघणार आहे. आजीच्या सीडीवरचे पहिले दोन अभंग फाटलेल्या जागेच्या आतल्या बाजूला होते, तेवढे सुटले. ते आईच्या डेकसाठी वेगळ्या सीडीवर काढून दिलेत, १६ने.