विश्वामित्रीचा काठ: काँक्रीटचा की मातीचा?
वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचा काठ कसा बांधावा, यावर दांडिया बाजारातल्या गप्पांत काँक्रीटला मतं जास्त: काठ स्वच्छ दिसतो, फिरायला बरा. पुलाच्या पायाशी तो हवाच, तिथं वाद नाही. पण बाकीच्या काठाचं काय? या नदीत मगरी राहतात; मगर उन्हाळ्याच्या तोंडावर काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, शेजारीच बीळ कोरून राहते. सिमेंटवर नखं घासून काय होणार! मातीचा काठ ढासळतो, हे खरंच. पण गवत-झुडपं आपसूक वाढू दिली तर मुळं माती धरून ठेवतात, पुराचा वेग मोडतो, पाणी मुरतं. वेळ मात्र लागतो, आणि आधी राडारोडा टाकणं थांबायला हवं. ऑगस्ट २०२४च्या पुरात मगरी वस्तीत शिरल्या, म्हणून काहींना पक्की भिंत हवी. पण भिंतीनं नदी आणखी आवळली तर पाणी जाणार कुठं?