सीझॉनिक फोकस जीएक्स-७५०: गोल्डचा स्टिकर नंतर, आधी लेबल वाचा

मी घरून थ्रीडी रेंडरिंगची कामं करते. रात्री रेंडर लावायचा आणि झोपायचं, हा शिरस्ता. जुना एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना पुरवणारा डबा (कंपनीचं नाव घेत नाही), मात्र रेंडर रंगात आला की मशीन खाडकन बंद पाडायचा. ना निळा स्क्रीन, ना एरर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचं तापमान ठीक, रॅमही तपासून झाली. राहता राहिला तो पत्र्याचा डबा. त्याच्या जागी मी सीझॉनिकचा फोकस जीएक्स-७५० हा एसएमपीएस बसवला.

जुन्यावरही ७५० वॅट छापलेलं होतंच, आणि खरी मेख तिथेच आहे. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून ओढतात. म्हणून बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं आणि बाराने गुणायचं. फोकस जीएक्स-७५० वर ६२ अँपिअर आहेत, म्हणजे ७४४ वॅट. जवळपास सगळीच्या सगळी ताकद जिथे लागते तिथे मिळते. माझ्या जुन्या डब्याचा गुणाकार मोठ्या अक्षरांतल्या आकड्याच्या आसपासही पोचत नव्हता.

दुसरं म्हणजे झटके. ग्राफिक्स कार्ड सरासरी ३०० वॅट खात असलं, तरी क्षणभर त्याच्या कितीतरी वर उसळतं. ही उसळी डोळ्याला दिसत नाही, साध्या वॅट मीटरलाही नाही. पण एसएमपीएस कमकुवत असला, तर त्याचं संरक्षण सर्किट ती ओव्हरलोड समजून सगळं बंद करतं. एटीएक्स ३.० या एसएमपीएससाठीच्या नियमावलीत म्हणूनच एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा, असं घातलं आहे. माझ्याकडचा जीएक्स त्याआधीच्या आवृत्तीचा आहे, तरी हा बसवल्यापासून मशीन मधेच बंद पडलेलं नाही.

आता गोल्डबद्दल. ८० प्लस हे एसएमपीएसच्या कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र, म्हणजे भिंतीतून ओढलेल्या विजेतली किती मशीनपर्यंत पोचते त्याचं. त्यातलं गोल्ड म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत, निम्म्या लोडला किमान ९० टक्के कार्यक्षमता, ब्रॉन्झला ८५. हिशोब करून बघा. मशीनला ४०० वॅट लागत असतील, तर गोल्ड भिंतीतून साधारण ४४४ ओढेल आणि ब्रॉन्झ ४७१. आठ तासांच्या रेंडरमागे फरक पाव युनिटसुद्धा नाही. तेव्हा वीजबिल वाचेल म्हणून गोल्ड घेऊ नका, त्यात काही राम नाही. फायदा उष्णतेत आहे: डब्यात ७१ ऐवजी ४४ वॅटच जिरतात, पंखा कमी धावतो, आणि आतले वीज साठवणारे कपॅसिटर जास्त टिकतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान वाढलं की दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, हे लक्षात ठेवा. शिवाय या स्टिकरमागची चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते, आणि व्होल्टेज किती स्थिर आहे, संरक्षणं नीट चालतात का, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मी स्टिकरपेक्षा वॉरंटीवर जास्त भरवसा ठेवते. इथे ती दहा वर्षांची आहे.

आवाजाचं म्हणाल तर मागे हायब्रिडचं बटण आहे. ते दाबलं की साधारण ३० टक्के लोडपर्यंत पंखा फिरतच नाही. दिवसा ईमेल आणि मॉडेलिंग चालू असताना डबा अगदी मुका असतो. रात्रीच्या रेंडरला मी ते बटण बंद करते. पंखा सतत हळू फिरलेला मला बरा वाटतो. सुरू करताना आतून ‘टक्’ असा आवाज येतो. तो रिलेचा आहे, घाबरू नका.

तक्रारी आहेतच. मदरबोर्डला जाणारी २४ पिनांची केबल ताठ आहे, लहान कॅबिनेटमध्ये वळवताना बोटं दुखतात. डबा मात्र १४० मिलिमीटर खोल, त्यामुळे जागा उरते. कार्डाला दोन आठ-पिनी सॉकेट असतील तर दोन वेगळ्या केबली लावा. एकाच केबलच्या दोन तोंडांवर काम भागवलं की सगळा भार एकाच जोडावर येतो.

आणि जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर (डब्यापासून सुट्या होणाऱ्या) केबली कितीही सुबक असल्या तरी इथे लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलते. कनेक्टर गुमान बसतो, मग भलत्याच पिनेवर १२ व्होल्ट जातात आणि हार्ड डिस्कचा निकाल लागतो.

नवं कार्ड सोळा-पिनी सॉकेटचं असेल तर याच नावाची एटीएक्स ३ वाली आवृत्ती घ्या, तिच्यात ती केबल थेट येते. आणि वेगळं ग्राफिक्स कार्डच नसेल, तर एवढा मोठा एसएमपीएस कशाला? चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा ब्रॉन्झ तुम्हाला रग्गड होईल.