रोझ बाउल : सामन्याइतकीच जागेची आणि वेळेची किंमत

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा (म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याच्या अमेरिकी फुटबॉलचा) हंगाम आटोपल्यावर डिसेंबरच्या मध्यापासून चाळीसच्या आसपास ‘बाउल’ सामने होतात आणि त्यांपैकी बरेचसे, खरे सांगायचे तर, सुट्टीच्या दिवसांत दूरचित्रवाणीवर दाखवायला काहीतरी हवे म्हणूनच खेळवले जातात. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे नववर्षदिनी होणाऱ्या रोझ बाउलची गोष्ट मात्र निराळी आहे. १ जानेवारी २०२४ रोजी मिशिगन आणि अलाबामा या दोन विद्यापीठांच्या संघांत झालेला सामना मी स्टेडियममध्ये बसून पाहिला आणि तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल झाले, असे माझे मत आहे. मात्र ते पैसे केवळ खेळाचे नव्हते, त्या जागेचे आणि त्या वेळेचेही होते. आणि वेळ आता बदलली असल्याने यापुढे तिकीट काढू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहीत आहे.

या सामन्याचा आरंभ १९०२ चा. त्या पहिल्या लढतीत मिशिगनने स्टॅनफर्डचा ४९-० असा इतका धुव्वा उडवला की आयोजकांनी पुढे बरीच वर्षे फुटबॉलचा नाद सोडून रथांच्या शर्यतींवर भागवले. फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये. आजचे स्टेडियम १९२२ चे आहे. मायरन हंट या वास्तुविशारदाने ते अरोयो सेको नावाच्या ओढ्याच्या दरीत बांधले असून, त्याला एकावर एक मजले नाहीत, एकच लंबगोल वाडगा आहे. त्यामुळे वरच्या रांगेत बसणाऱ्याला सगळे मैदान एका नजरेत दिसते आणि पलीकडच्या काठावर सॅन गेब्रिएलचे डोंगर उभे असतात. शंभरी ओलांडलेल्या वास्तूच्या अडचणीही अर्थातच आहेत. नूतनीकरणात काही बोगदे रुंद केले असले तरी आत-बाहेर करताना गर्दी तुंबते, आणि अगदी खालच्या रांगांना पुरेशी उंची नसल्याने कडेला उभे असलेले खेळाडूच खेळाच्या आड येतात. महागड्या, पुढच्या जागेचा मोह इथे टाळावा. वार्ताहर कक्ष ज्या बाजूला आहे ती पश्चिम बाजू घेतली तर उन्हाकडे पाठ राहते; पूर्वेला बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर पहिला अर्धा खेळ ऊन येते.

सामना स्थानिक वेळेनुसार दुपारी दोनला सुरू झाला. कॉलेज फुटबॉलची साठ मिनिटे प्रत्यक्षात साडेतीन तासांहून अधिक चालतात, कारण चेंडू बाहेर गेला, पास हुकला, जाहिरात आली की घड्याळ थांबते. क्रिकेटच्या षटकांवर वाढलेल्या माणसाला हे थांबणे सुरुवातीला जाचते. पण जानेवारीत पॅसाडिनाला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दोनला सुरू झालेल्या सामन्याच्या चार भागांपैकी तिसरा भाग नेमका त्याच सुमारास येतो. डोंगर आधी तांबूस, मग जांभळट होत जातात, मैदानावर दिवे लागतात आणि खेळ चालूच असतो. दूरचित्रवाणीवर हे दृश्य दरवर्षी दाखवतात; प्रत्यक्षात ते त्याहून सावकाश घडते आणि आजूबाजूचे लोक खेळ सोडून क्षणभर तिकडे पाहतात, हे पडद्यावर दिसत नाही.

आता खेळाविषयी. प्रेक्षकसंख्या ९६,३७१ होती. एकीकडे मिशिगनचा पिवळा-निळा, दुसरीकडे अलाबामाचा गडद लाल, आणि ‘गो ब्लू’ व ‘रोल टाइड’ या आरोळ्यांची जुगलबंदी अखंड सुरू होती. मध्यंतराला मिशिगन १३-१० असा पुढे होता. तेरा हा आकडा लक्षात ठेवावा, कारण दुसऱ्या टचडाउननंतरची (चेंडू गोलरेषेपार नेण्याच्या सहा गुणांनंतर मिळणारी) एका गुणाची किक त्यांनी चेंडू नीट न धरता आल्याने वाया घालवली होती. चौथ्या भागात अलाबामाने टचडाउन आणि ५२ यार्डांवरून मारलेला फील्ड गोल (खांबांमधून किक मारण्याचे तीन गुण) यांच्या जोरावर २०-१३ अशी आघाडी घेतली, आणि शेवटची काही मिनिटे उरली असताना मिशिगनला चौथ्या, म्हणजे चेंडू राखण्याच्या अखेरच्या, प्रयत्नात दोन यार्ड काढणे भाग पडले. तिथे चुकले असते तर सामना बहुधा तिथेच संपला असता. क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार) जे. जे. मॅकार्थीने ब्लेक कोरमकडे छोटासा पास टाकला, कोरमने तो बराच लांब नेला, आणि १ मिनिट ३४ सेकंद बाकी असताना रोमन विल्सनने टचडाउन करून २०-२० अशी बरोबरी साधून दिली. तो वाया गेलेला एक गुण हाती असता तर जादा वेळेची गरजच पडली नसती, हा हिशेब माझ्या पुढच्या रांगेतील मिशिगनवाले मोठ्याने करत होते. त्यातच अगदी अखेरच्या क्षणी अलाबामाचा पंट (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणारी लांब किक) मिशिगनच्या खेळाडूच्या हातून निसटला आणि त्यांच्याच गोलरेषेला लागून कसाबसा सावरला गेला. तेव्हा आमच्या बाजूच्या निम्म्या लोकांनी डोक्याला हात लावले होते.

कॉलेजच्या जादा वेळेत दोन्ही संघांना प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्ड रेषेवरून एकेक संधी मिळते. कोरमने दोन धावांत टचडाउन केले. दुसरी धाव १७ यार्डांची होती. अलाबामाला उत्तरादाखल अखेरच्या प्रयत्नात तीन यार्ड हवे होते. त्यांच्या सेंटरकडून, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूकडून, दिवसभर खाली येणारा चेंडू याही वेळी खालीच आला, क्वार्टरबॅक जेलन मिलरोने तो उचलून थेट मधल्या फळीत मुसंडी मारली आणि मिशिगनच्या बचावफळीने त्याला तिथेच गाडले. २७-२०. मिशिगनचा हा बचाव त्या दिवशी खरोखर अव्वल होता, मिलरोला त्यांनी सहा वेळा सॅक केले, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडले. पण विजेत्यांनी खास संघाच्या, म्हणजे किक आणि पंटच्या, खेळात जो गलथानपणा केला तो राष्ट्रीय विजेतेपदाला न शोभणारा होता. आठवड्याभराने त्यांनी वॉशिंग्टनला ३४-१३ असे हरवून ते विजेतेपद मिळवलेच. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी १० जानेवारीला निवृत्ती जाहीर केल्याने हा त्यांचा अखेरचा सामना ठरला. त्या दिवशी स्टेडियममध्ये कुणाला याची कल्पना नव्हती.

मध्यंतरात दोन्ही विद्यापीठांच्या मार्चिंग बँडचे कार्यक्रम होतात. हीच मुले सकाळी आठला निघणाऱ्या चित्ररथांच्या रोझ परेडमध्ये कोलोरॅडो बुलेव्हार्डवरून साडेपाच मैल वाजवत चालून आलेली असतात, हे ध्यानात घेतले तर त्यांच्या ताशीव रांगांचे कौतुक दुप्पट होते. परेड आणि सामना एकाच दिवशी पाहण्याचा हट्ट मुलाबाळांसह करू नये. चित्ररथ नंतरही पाहायला उभे असतात आणि जवळून पाहण्यातच त्यांची खरी मजा आहे. प्रत्येक दिसणारा भाग फुले, पाने, बिया, साली अशा नैसर्गिक वस्तूंनीच मढवण्याचा नियम असल्याने गुलाबाचा एकेक दांडा पाण्याच्या इवल्याशा नळीत खोचलेला दिसतो.

जाण्यायेण्यासाठी मेट्रोच्या ए लाइनने मेमोरियल पार्कला उतरून शटल बस घेणे सर्वांत सोयीचे. गाडी नेल्यास ती शेजारच्या ब्रुकसाइड गोल्फ कोर्सच्या हिरवळीवर उभी करतात आणि तिथेच सकाळपासून शेगड्या पेटतात. शाकाहारी मंडळींनी आपला डबा आणलेला बरा. आत पारदर्शक पिशवीच चालते. तिकिटांच्या पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर तेव्हा पहिल्या पानावरची किंमत खरी नसे. शुल्काचा आकडा अनेकदा शेवटच्या पानावर समोर येई, आणि आम्हाला तो अंगावर आला.

माझे आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही २०२४ नंतरचे. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफमुळे (बाद फेऱ्यांमुळे) रोझ बाउल आता उपांत्यपूर्व फेरीचा सामना झाला आहे. आम्हाला ३ डिसेंबरलाच दोन्ही संघ कळले होते, आता मात्र एक संघ पहिली फेरी संपल्यावर, नाताळच्या तोंडावर ठरतो आणि दूरच्या समर्थकांना विमानाची तिकिटे शोधायला जेमतेम दीड आठवडा मिळतो. दुसरे, जानेवारी २०२६ पासून सामना तासभर आधी, दुपारी एकला सुरू होऊ लागला आहे, तोही त्यानंतरच्या सामन्याला दूरचित्रवाणीवर वेळेत जागा मिळावी म्हणून. त्यामुळे सूर्यास्ताची घटका आता अगदी शेवटाला, कदाचित प्रेक्षक जिने उतरत असताना येईल. आपल्या आवडत्या विद्यापीठाचा संघ खेळत असेल तर जरूर जावे. डोंगरांसाठी जाणाऱ्याने वरच्या रांगेचे, पश्चिमेकडचे स्वस्त तिकीट घ्यावे आणि निकाल लागला तरी लगेच उठू नये.